हार्लन स्कोगनची तिसरी रायफल

हार्लन स्कोगनला रायफलीतलं सगळं कळतं, असं टॅनर क्रॉसिंगमध्ये सगळे मानायचे, आणि मानणाऱ्यांत पहिला नंबर खुद्द हार्लनचा. उत्तर मोंटानातलं हे गाव ते केवढं! एक धान्याचं कोठार, एक चर्च, एक शाळा, मर्लचं हार्डवेअरचं दुकान आणि आर्लिसचं कॅफे, संपलं गाव. पण तज्ज्ञांचा तोटा इथं कधी पडला नाही. पावसाचा तज्ज्ञ वेगळा, ट्रॅक्टरचा वेगळा, आणि दुसऱ्याच्या गुडघेदुखीचा तर कॅफेत बसलेला प्रत्येक जण. हार्लनकडं रायफलीचं खातं होतं. ते त्याला कोणी दिलेलं नव्हतं, त्यानं आपलं आपणच घेतलं होतं.

पोटासाठी तो शाळेची बस चालवायचा. सकाळी अंधारात पिवळी बस काढायची, कच्च्या रस्त्यानं शेतावर शेतावर थांबायचं, पोरं गोळा करून शाळेत सोडायची, दुपारी परत ज्याच्या त्याच्या फाटकाशी उतरवायची. गावात चाळिशीच्या आतला जो कोणी आहे तो हार्लनच्या बसमधून शिकलेला. शाळेत काय शिकला ते देव जाणे, पण बसमध्ये ‘नळी जाड असावी’, ‘खटका हलका असावा’ आणि ‘लोखंडावर खर्च कराल तेवढाच दुर्बिणीवर करा’ हे तीन पाठ घेतल्याशिवाय कोणाचीच सुटका झाली नाही. मुलींचीसुद्धा नाही.

तर अशा या गुरुवर्यांचा नेम गेल्या वसंतात चुकायला लागला.

चुकायला लागला म्हणजे किती? तर ड्वेन हॉगलंडच्या लसूणघासाच्या शेतात हार्लन अख्खी दुपार पालथा पडून गोफर मारत होता, आणि संध्याकाळी शेतात गोफर होते तेवढेच होते. गोफर म्हणजे आमच्याकडची तोकड्या शेपटीची, बिळात राहणारी खार. शेताची चाळण करते, आणि बिळात गाईचा पाय गेला की मोडलाच. ड्वेनच्या गेल्या होत्या दोन गाई तशाच. ड्वेन हार्लनचा लहानपणापासूनचा दोस्त, खोटं बोलायचा नाही. तो सांगतो की एका गोफरच्या शेजारी गोळी पडली तेव्हा त्यानं मान वळवून हार्लनकडं बघितलं आणि परत चरायला लागला.

‘‘नळी जळली,’’ हार्लननं निकाल दिला. ‘‘बापाची रायफल. एवढ्या वर्षांत हजारो गोळ्या गेल्यात त्यातून. लोखंडच ते, किती दिवस टिकणार?’’

‘‘असेल बाबा,’’ ड्वेन म्हणाला.

‘‘तुला हवी तर घेऊन जा. ट्रॅक्टरमध्ये टाकून ठेव. कोल्ह्याला भ्या दाखवायला चालेल.’’

ड्वेननं ती चार पैसे देऊन घेतली. नाचता येईना अंगण वाकडं ही म्हण आमच्या गावात कोणाला ठाऊक नाही, पण अंगण वाकडं करण्याची कला प्रत्येकाला येते.

आता खरं काय ते सांगून टाकतो, उगाच लपवाछपवी कशाला. नळीला धाड भरली नव्हती. हार्लनच्या उजव्या डोळ्यासमोर धुकं धरलं होतं, स्वयंपाकघराच्या खिडकीवर वाफ धरते तसं. डावाही त्याच वाटेनं निघाला होता. हे हार्लनला कळत होतं, पण कळून घ्यायचं नव्हतं. त्याचा बाप सत्तरीत आंधळा झाला आणि नऊ वर्षं खिडकीशी खुर्ची टाकून बसून राहिला, ज्या खिडकीतून त्याला काही दिसत नव्हतं. ती खुर्ची हार्लनच्या डोक्यातून कधी गेली नाही. डॉक्टरकडं जायचं म्हणजे तो दुखण्याचं नाव सांगणार, नाव सांगितलं की शाळेला कळणार, शाळेला कळलं की बस गेली. आणि बस गेली की हार्लन स्कोगन कोण? कॅफेतला आणखी एक म्हातारा. दर दोन वर्षांनी ऑगस्टमध्ये ड्रायव्हरची तपासणी असायची. पुढच्या तपासणीला अजून अवकाश होता, आणि माणसाला एवढा अवकाश मिळाला की तो तेवढ्यात रायफल घ्यायला निघतो.

रायफलीला पैसे कुठले? तर लवॉनचे. लवॉन ही त्याची बायको. त्यांचं भांडी धुण्याचं मशीन थंडीच्या तोंडावर बंद पडलं होतं, आणि नव्या मशीनसाठी तिनं पाचशे डॉलर कॉफीच्या डब्यात घालून ठेवले होते.

‘‘नळी जळली म्हणतोस?’’ सिंकशी भांडी घासता घासता तिनं विचारलं.

‘‘जळलीच. किती वर्षं वापरली.’’

‘‘आणि डोळे किती वर्षं वापरलेस?’’

‘‘तुला यातलं काही कळत नाही, लवॉन.’’

‘‘नाहीच कळत बाबा. मला आपली भांडी कळतात.’’ तिनं हात पुसले, डबा काढला आणि पैसे टेबलावर आपटले. ‘‘घे. एवढ्यात काय ती तुझी तोफ आण. दुर्बिणीसकट. वर एक सेंट मिळायचा नाही.’’

लवॉन काही दानशूर नव्हती. नवी रायफलही चुकली की गडी आपसूक डोळ्यांच्या डॉक्टरकडं जाईल, असा तिचा हिशोब. अख्खा जन्म या माणसाबरोबर काढूनही बाईनं असा हिशोब करावा, याला भाबडेपणा म्हणावं की प्रेम, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

मग अख्खी थंडी कॅफेत निवड चालली. देशाचा अध्यक्ष निवडताना टॅनर क्रॉसिंगनं एवढा विचार कधी केला नाही. दर गोळीला हातानं बोल्ट ओढायची रायफल घ्यायची, एवढ्यावर एकमत होतं, कारण स्वस्तात तीच सरळ मारते. पण कुठल्या मापाची, यावर बर्फाचे ढीग दारापर्यंत आले तरी बोलणं संपेना.

‘‘बावीस-अडीचशे घे,’’ ड्वेन म्हणाला. ‘‘लांब जाते, सरळ जाते.’’

‘‘आणि नळी खाते,’’ हार्लन. ‘‘शिवाय तिची काडतुसं घ्यायला तुझं शेत विकावं लागेल.’’

‘‘माझं का म्हणून?’’

‘‘सल्ला कोणी दिला?’’

‘‘बरं, मग सतरावाली घे.’’

‘‘सतराची गोळी म्हणजे मोहरीचा दाणा रे! आपल्याकडच्या वाऱ्यात इथून मारली तर कॅनडात जाऊन पडेल. उगाच दोन देशांत भांडणं.’’

‘‘दोनशेचार?’’

‘‘तिची काडतुसं मर्लकडं वर्षातून एकदा येतात, ती पण चुकून.’’

असं करत करत शेवटी हार्लन दोनशेतेवीसवर येऊन पोचला. म्हणजे ज्या मापाची काडतुसं आमच्याकडं पेट्रोल पंपावर चुइंगमच्या शेजारी मिळतात, आणि जे माप गावातल्या कुठल्याही पोरानं फुकटात सांगितलं असतं, त्या मापावर. पण पोरानं सांगणं वेगळं आणि तज्ज्ञानं महिने घालवून सांगणं वेगळं.

पुढचं दुखणं दुर्बिणीचं. निम्मे पैसे लोखंडाला, निम्मे काचेला, हे हार्लनचं स्वतःचं शास्त्र. पाचशेचे निम्मे अडीचशे. अडीचशेत रायफल म्हणजे शास्त्र सांगणाऱ्याला शास्त्रच चावायला उठलं. त्यात गड्याला काच चांगलीच हवी होती. का हवी होती ते आपल्याला ठाऊक आहे, पण तो म्हणायचा की गोफर लहान असतो. शेवटी दुकानातली सगळ्यात स्वस्त रायफल आणि तिच्यापेक्षा महाग दुर्बीण त्यानं उचलली. चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला. मर्लनं दोन्ही गोष्टी खोक्यात भरल्या.

मर्ल चाळिशीला टेकलेला, अंगानं आडवा, स्वभावानं मऊ. ‘‘हार्लनकाका,’’ तो एवढंच म्हणाला, ‘‘दस्ता प्लॅस्टिकचा आहे हं. नंतर म्हणू नका.’’

‘‘मला सांगतोस?’’ हार्लन म्हणाला. ‘‘बसमध्ये तुला कोणी शिकवलं?’’

पहिल्या रायफलीनं त्यानं घरामागच्या कुंपणाशी ठेवलेल्या खोक्यावर पाच गोळ्या मारल्या. दोन खोक्याला लागल्या, एक कुंपणाच्या खांबाला, उरलेल्या दोन कुठं गेल्या ते विचारू नका. हार्लननं तपास सुरू केला. दस्ता नळीला टेकत असेल तर नेम बिघडतो, हे खरं आहे, आणि ते तपासायला नळीखालून डॉलरची नोट सरकवून बघतात. नोट सरकन आरपार गेली. मग त्यानं नोटेची घडी केली. तीही गेली. आणखी एक घडी केली, तेव्हा अडकली.

‘‘बघ!’’ तो लवॉनला म्हणाला. ‘‘टेकतोय दस्ता!’’

‘‘पाकीटच घालून बघ ना,’’ ती म्हणाली.

मर्लनं रायफल परत घेतली. वापरलेली रायफल कोणी परत घेत नाही, पण मर्लनं घेतली आणि वर ‘असतो एखादा पीस तसा’ असंही म्हणाला. संध्याकाळी दुकान बंद केल्यावर त्यानं दुकानामागं जाऊन त्याच रायफलीनं पाच गोळ्या मारल्या. पाचही चहाच्या बशीएवढ्या जागेत बसल्या. मर्लनं रायफल पुसली आणि परत कपाटात ठेवली. सांगायचं तरी कसं? मर्ल पहिल्यांदा शाळेत निघाला तेव्हा बसमध्ये भडाभडा ओकला होता, आणि हार्लननं गाडी थांबवून, कोणाला कळायच्या आत सगळं पुसून, त्याला पुढच्या सीटवर बसवून घेतलं होतं. अशा माणसाला ‘तुम्हाला दिसत नाही’ म्हणायला जीभ रेटत नाही.

दुसरी रायफल वापरलेली होती, जाड नळीची. ती चुकली तेव्हा दोष खटक्याचा निघाला. खटका इतका गुळगुळीत होता की हार्लनला त्यात दोष शोधायला दोन दिवस लागले. पण माणूस हाडाचा तज्ज्ञ, त्यानं शोधला. मर्लनं तीही परत घेतली आणि पदरचे पैसे घालून त्याला तिसरी दिली. दुकान असं चालवलं असतं तर वर्षभरात मर्लला हार्लनच्या बसवर झाडू मारायची नोकरी धरावी लागली असती.

इथं आमच्या गावाची एक रीत सांगायला हवी. टॅनर क्रॉसिंगमध्ये कोणाला वाईट तोंडावर सांगत नाहीत. पाळक महाशयांचं प्रवचन कंटाळवाणं झालं की दारात हात मिळवून ‘आज काहीतरी वेगळं होतं’ म्हणायचं. आर्लिसची खीर करपली की ‘वेगळीच झालीय’ म्हणायचं आणि वाटी संपवायची. कोणाकडं जायचं नसेल तर ‘येत नाही’ म्हणायचं नाही, शहरात काम निघालं म्हणायचं. नेम चुकला तर वारा. आमच्याकडं वारा बारमाही आहे, त्यामुळं आजवर कोणाचाच नेम चुकलेला नाही. या रीतीला आम्ही सभ्यपणा म्हणतो आणि त्याचा आम्हाला फार अभिमान आहे.

लवॉनसुद्धा याच मातीतली. एकदा डोळ्यांचं बोलून बघितलं, उपयोग झाला नाही, मग तिनं दुसरा मार्ग धरला. पिकअपमधून दोघं कुठं निघाली की तिची बडबड सुरू व्हायची. ‘‘अगंबाई, ‘थांबा’ची पाटी नवीन रंगवली वाटतं! आणि ते बघ, हॉगलंडांची काळी गाय आज रस्त्यातच उभी. समोरून ट्रक येतोय, केवढा मोठा!’’ हार्लन वैतागायचा. म्हणायचा, म्हातारपणी बाईच्या तोंडाला खीळ राहिली नाही. आणि ब्रेक दाबायचा. बसमध्ये मात्र लवॉन नसायची. बस तो सवयीनं चालवायचा, कुठं वळायचं ते हातांना पाठ होतं, आणि बाकीचं देवावर. लवॉन रोज सकाळी बस निघाली की दारात उभी राहून प्रार्थना करायची, आणि तीही मनातल्या मनात, कोणाला ऐकू जायला नको म्हणून.

एप्रिल आला. एप्रिलातल्या एका रविवारी चर्च सुटलं की अख्खं गाव खडीच्या खाणीत जमतं. थंडीनंतर रायफली बाहेर काढून नेम लावून घ्यायचा दिवस. खाणीच्या भिंतीपाशी कागदाची निशाणं ओळीनं लावतात, अलीकडं टेबलं मांडतात, पिकअपच्या मागच्या फळीवर बायका कॉफी आणि ओव्हनमध्ये भाजलेलं बटाट्याचं हॉटडिश मांडतात. ज्याचा कागद सर्वांत चांगला, तो आर्लिसच्या कॅफेत वर्षभर भिंतीवर लागतो. लोक पाकिटात नातवंडांचे फोटो ठेवतात त्याच्या मागं असा एखादा जुना कागद घडी करून ठेवतात, आणि दाखवताना कागद आधी दाखवतात.

हार्लन तिसरी रायफल घेऊन ऐटीत उतरला. टेबलावर वाळूची पिशवी ठोकून ठोकून बसवली, दुर्बिणीच्या चकत्या इकडं फिरवल्या, तिकडं फिरवल्या, आजूबाजूच्या पोरांना जाता जाता चार उपदेश केले. त्याच्या शेजारच्या टेबलावर ड्वेन येऊन बसला, आणि त्यानं खोळीतून काढली ती हार्लनच्या बापाची रायफल.

‘‘ही कशाला आणलीस?’’ हार्लन हसला. ‘‘नळी जळलीय तिची.’’

‘‘दुसरी पोरानं नेलीय,’’ ड्वेन म्हणाला. ‘‘म्हटलं, बघू या.’’

आणि त्या दिवशी एक विपरीत घडलं होतं. वारा नव्हता. खाणीच्या काठावरचं लाल फडकं ओल्या टॉवेलसारखं लोंबत होतं. म्हातारे एकमेकांना सांगत होते की असा दिवस त्यांनी बघितला नाही.

‘मारा’ म्हणून आवाज झाला. हार्लननं डोळा दुर्बिणीला लावला. धुक्यात एक पांढरं चौकोनी काहीतरी होतं, मध्ये काळं. ते पुसट व्हायचं, दोन व्हायची, परत एक. त्यातल्या त्यात ठळक दिसलं त्यावर त्यानं श्वास धरून गोळी सोडली. मग दुसरी. पाचही झाल्यावर त्याला बरं वाटलं. खटका छान होता. हात थरथरला नव्हता. मनात आलं, सापडली. शेवटी सापडली आपली रायफल.

बार थांबले, रायफली रिकाम्या करून ठेवल्या, मंडळी कागद बघायला निघाली. मर्ल सगळ्यांत पुढं. ड्वेनच्या निशाणापाशी तो उभा राहिला आणि तिथून हललाच नाही. मागून एकेक जण येऊन शेजारी उभा राहायला लागला.

हार्लन पोचला. त्याचा कागद कोराकरकरीत होता. शेजारी ड्वेनच्या कागदावर दहा भोकं होती. पाच मधोमध, एवढी जवळ की वर नाणं ठेवलं तर एकही दिसलं नसतं. आणि पाच त्यांच्या भोवती, कोणीतरी वाटाणे सांडल्यासारखी.

म्हणजे जळलेल्या नळीनं नाण्याखाली पाच गोळ्या बसवल्या होत्या, आणि तज्ज्ञांनी दुसऱ्याच्याच कागदावर मारल्या होत्या. हे समजायला कोणाला डोळ्यांचीसुद्धा गरज नव्हती.

सगळ्यांनी वर फडक्याकडं बघितलं. मग मर्लनं घसा खाकरला.

‘‘वारा,’’ तो म्हणाला.

‘‘हो ना,’’ दुसरा म्हणाला. ‘‘खाणीत घुमतो.’’

‘‘फडक्यावर दिसत नाही, पण खाली असतो,’’ तिसऱ्यानं भर घातली. ‘‘मला पण जाणवला.’’

वाऱ्यानं पाच गोळ्या उचलून एका कागदावरून शेजारच्या कागदावर नेऊन ठेवल्या, हे तिथं जमलेल्या सगळ्या शहाण्या माणसांनी मान डोलावून कबूल केलं. हार्लनही मान डोलावणार होता. म्हणाला असता, हो, वारा, आणि गेला असता चौथी रायफल आणायला.

पण ड्वेन बोलला. हळू बोलला, बुटाच्या टोकानं खडी उकरत. ‘‘हार्लन, उद्या ब्रिटाला मीच शाळेत सोडतो. मला शहरात काम निघालंय.’’

ब्रिटा म्हणजे ड्वेनची नात, पहिलीतली.

‘‘आमच्या पोरांना पण आम्हीच सोडू,’’ मर्ल म्हणाला. ‘‘उद्या आम्हाला पण... शहरातच जायचंय.’’

‘‘आम्हाला पण.’’

‘‘हो, आमचं पण बँकेत काम आहे.’’

सोमवार सकाळसाठी अख्ख्या टॅनर क्रॉसिंगला तिथल्या तिथं शहरात काम निघालं. ज्या गावात लोक महिनोन्‌महिने शहराचं तोंड बघत नाहीत, त्या गावाला. एकानंही आवाज चढवला नाही, एकानंही बोट दाखवलं नाही. एवढ्या अदबीनं त्याची बस रिकामी केली की तिथं एखादा परका असता तर त्याला वाटलं असतं, काय प्रेमळ माणसं आहेत!

हार्लननं वळून लवॉनकडं बघितलं. ती पिकअपच्या फळीशी उभी होती, हातात कॉफीचा कप. तिनं मान खाली घातली. तेव्हा त्याला कळलं की हिलाही ठाऊक आहे, सगळ्यांनाच ठाऊक आहे, आणि केव्हापासून ठाऊक आहे कोण जाणे. त्याला लाज वाटली, आणि लाजेच्या मागोमाग राग आला, इतका की कानशिलं तापली.

‘‘वारा नाहीये,’’ तो म्हणाला.

‘‘असतो हो काका, खाली खाली...’’

‘‘मर्ल, परत वाऱ्याचं नाव काढलंस ना, तर ही रायफल तुझ्याच डोक्यात घालीन. आणि नेम नाही चुकायचा!’’ मर्ल मागं सरला. हार्लन ड्वेनकडं वळला. ‘‘तू सांग. तू जन्मात खोटं बोलला नाहीस, आज शहरात काम काढतोस? काय काम आहे तुला? बोल ना! नेम चुकला म्हणून कोणी पोरं बसमधून काढून घेत नाही. काय झालंय?’’

‘‘जाऊ दे रे.’’

‘‘ड्वेन.’’

ड्वेननं टोपी काढली, परत घातली. ‘‘फेब्रुवारीत,’’ तो म्हणाला. ‘‘ती मोठी थंडी पडली होती बघ, पाइप फुटले सगळ्यांचे. त्या आठवड्यात. ब्रिटा फाटकाशी उभी होती. लाल टोपी होती तिची. बस आली, तिनं हात वर केला. तू बघितलंस तिच्याकडं. सरळ बघितलंस, आणि निघून गेलास.’’

‘‘मी?’’

‘‘तिला वाटलं, परत येशील. ती उभीच राहिली. मी गुरांना चारा टाकून आलो तेव्हा सापडली. बोटं पांढरी पडली होती. बरी आहेत आता.’’ ड्वेननं टोपी हातात घेतली. ‘‘तेव्हाच यायला हवं होतं मी तुझ्याकडं. नाही आलो. म्हटलं, तुला कसं वाटेल. चूक माझी आहे, हार्लन. रोज सकाळी तिला परत तुझ्याच बसमध्ये बसवत होतो मी, आणि शाळेतून फोन येत नाही ना म्हणून कान लावून बसत होतो.’’

मर्ल उघड उघड रडत होता.

‘‘काय म्हणाली ती?’’ हार्लननं विचारलं.

‘‘कोण?’’

‘‘ब्रिटा. घरी आल्यावर काय म्हणाली?’’

ड्वेन खडीकडं बघत बोलला. ‘‘म्हणाली, हार्लन आजोबा माझ्यावर रागावलेत का?’’

हार्लन तिथंच खडीवर बसला. लवॉन धावत आली आणि त्याच्या शेजारी बसली, चांगला चर्चचा झगा खडीत मळला तरी तिला त्याचं भान नव्हतं. त्यानं चेहरा ओंजळीत धरला होता. मग त्यानं हात काढले आणि जिथून ड्वेनचा आवाज आला होता त्या बाजूला बघितलं.

‘‘उद्यापासून बस तू ने,’’ तो म्हणाला. ‘‘मोठ्या गाडीचं लायसन आहे ना तुझ्याकडं. शाळेत मी सांगतो.’’

‘‘बरं.’’

‘‘आणि तिला सांग, मी नव्हतो रागावलो. सांग, मला ती दिसलीच नाही.’’